आमच्या जिल्ह्याची फुली

६ जून

प्रिय टिल्लू,

आधी सांगून टाकते, सगळं ठीक आहे. हाताशी फोन असताना वहिनीला पत्र लिहायची अवदसा कुठून आठवली, असं तुला वाटणार. कारण साधं आहे. तू फोनवर आकडे सांगतेस ते या कानातून शिरतात आणि त्या कानातून बाहेर पडतात. कागदावर असले की चारदा वाचता येतात.

तुमच्या आकडेवारी खात्याचं मासिक पत्रक आलं. आजवर ते पाकीट तुझा दादाच फोडायचा. जिल्ह्यांच्या कोष्टकात बोट फिरवत आपली ओळ गाठायची, महिन्यात किती गुरं कापली गेली तो आकडा मोठ्यानं वाचायचा, ‘यात आपलीही जनावरं आहेत’ म्हणायचं आणि चष्मा काढून ठेवायचा, हे त्याचं ठरलेलं. या वेळी पाकीट मी फोडलं आणि बसून अख्खं वाचलं. वीस वर्षं कत्तलखान्याच्या मालकाची बायको आहे, दर महिन्याला सरकारी फॉर्म मीच भरते, पण तो फॉर्म पुढं कुठं जातो हे कधी मनात आलं नव्हतं.

तर माझे प्रश्न. या देशात गाय कापायला बंदी नाही हे खरं, पण देशभरात इतक्या गाई कापल्या, इतके बैल, इतकी वासरं, असं तुम्ही छातीठोकपणे छापता. हे मोजलं कोणी? तू तर रक्त पाहिलं की भिंत धरतेस. आणि आमच्यासारखे फॉर्म भरणारे सोडा, शेतकरी स्वतःच्या घरी एखादं जनावर कापतो, ते तुम्हाला कोण सांगतं?

दुसरं. शेजारच्या जिल्ह्याच्या ओळीत आकडा नाही, नुसती फुली आहे. इकडं सगळे म्हणतात, फुली पडली म्हणजे तिथला कत्तलखाना मेला. तुझा दादाही तेच म्हणतो. खरं आहे का? फुली नेमकी कशानं पडते, ते मला नीट, पायरीपायरीनं सांग. घाई नाही, पण महिना संपायच्या आत सांग.

तुझी वहिनी


१४ जून

प्रिय वहिनी,

घाई नाही पण महिन्याच्या आत, हे वाचून हसू आलं. माझ्या वेण्या घालतानाही तू असंच म्हणायचीस, ‘हलू नको असं नाही, पण हललीस तर बघ.’

कोणीतरी आपल्या कामाबद्दल विचारावं, याची आम्ही खात्यातली माणसं जन्मभर वाट बघत असतो. लग्नसमारंभात मी काय करते हे सांगितलं की लोक पाण्याचा पेला शोधायला लागतात. तू विचारलंस, आता भोग.

मोजतो आम्ही नाही, तुम्हीच. प्रत्येक परवानाधारक कत्तलखाना महिन्याचा फॉर्म पाठवतो. तुमच्याकडचे पशुवैद्य जनावर जिवंत असताना तपासतात, कापल्यावर पुन्हा तपासतात, आणि त्यांचा शिक्का आणि तुझा आकडा जुळला तर तो आमच्याकडं पक्का. मांसाचं वजनही तुम्हीच देता. पण ते ताजं, गरम असताना केलेलं असतं, आणि टांगून ठेवलं की त्यातलं पाणी उडतं. म्हणून आम्ही शंभराला दोन असं वजा करतो. शेतकऱ्यांच्या घरच्या जनावरांसाठी दरवर्षी काही गावं निवडून घरोघर विचारतात. तिथं लोक हमखास कमी सांगतात. मग आम्ही चामड्याच्या कारखान्यांना विचारतो की कातडी किती आली. माणूस विसरतो, पण एका जनावराची दोन कातडी होत नाहीत. ही पडताळणी मला सगळ्यात आवडते.

आकड्यांत बातम्याही असतात. कापलेल्यांत गाई निम्म्याच्या वर गेल्या की आमच्या बाई, म्हणजे माझ्या वरिष्ठ, गंभीर होतात. गाय कापणं म्हणजे बियाण्याचं धान्य दळायला काढणं. पुढं वासरं कमी होणार, हे आम्हाला शेतकऱ्याच्या आधी दिसतं.

आता फुली. तिचा आणि मरणाचा संबंध नाही, तो अब्रूचा आहे. समज, एका जिल्ह्यात दोनच कत्तलखाने आहेत. मी एकूण आकडा छापला, तर दादा त्यातून स्वतःचा वजा करील आणि दुसऱ्याचा धंदा त्याला घरबसल्या कळेल. आम्ही तर प्रत्येकाला शब्द दिलेला असतो की तुझं कोणाला सांगणार नाही. म्हणून किमान तीन हवेत. तीनपेक्षा कमी झाले की आकडा झाकायचा, वर फुली मारायची. आपल्या जिल्ह्यात काठावर तीन आहेत. शीतगृहवाल्याचा मोठा, नगरपालिकेचा आणि दादाचा. त्या महिन्यात एक जरी जनावर कापलं तरी तो कत्तलखाना चालू धरतात.

घरून कधी डबा आला तरी चिठ्ठीवर दादाची एक ओळ असते, ती या पत्राखाली का नाही? ‘जेवत जा’ इतकंच लिहितो, पण लिहितो.

तुझी टिल्लू


२ जुलै

प्रिय टिल्लू,

तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि एकदा पशुवैद्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले की इतकी वर्षं शिक्के मारतोय, पण शंभराला दोन कुठं जातात हे आज कळलं. आमचे पशुवैद्य तुला आठवतात ना, जनावराच्या तोंडात हात घालताना त्याची माफी मागणारे? अजून तसेच आहेत.

तुझ्या दादाच्या अंगठ्याला लागलंय, म्हणून त्यानं ओळ लिहिली नाही. काळजीचं काही नाही. तू फोन करशील तर तो म्हणेल काही झालंच नाही, तेव्हा फोन करू नकोस.

एका जनावरावरही कत्तलखाना चालू धरतात, हे वाचून गंमत वाटली. सरकार इतक्या थोडक्यात समाधान मानतं हे माहीत नव्हतं. आता आणखी विचारते. एखाद्यानं फॉर्मच पाठवला नाही तर? आणि जनावर कोणी कापलं, मालकानं की दुसऱ्या कोणी, हे तुम्ही कुठं बघता का? फॉर्ममध्ये तसा रकाना मला तरी दिसला नाही.

काल शीतगृहवाला येऊन गेला. चहा प्यायला, अंगणात फेरी मारली, रिकाम्या दावणीकडं बघून ‘आज कमी दिसतात’ म्हणाला. जाताना तुझ्या दादाला म्हणाला, दमलात तर मला आधी सांगा, पाटीसकट घेतो. तुझा दादा त्याला फाटकापर्यंत सोडून आला. एरवी तो कसा फाडकन बोलतो ते तुला माहीतच आहे.

तुझी वहिनी


१२ जुलै

प्रिय वहिनी,

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तू शीतगृहवाल्याच्या मागावर आहेस. कोणी कापलं, फॉर्म नाही आला तर काय, हे सगळं त्याच्यासाठीच चाललंय. तो आकडे चोरतो असं तुला वाटतंय, आणि आपल्या घरात एक गुप्तहेर तयार होतोय. उत्तरं देते, पण जपून.

फॉर्म नाही आला तर आम्ही फोन करतो. तरी नाही आला तर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यावरून अंदाजानं आकडा भरतो. असं तीन महिने चालतं, मग तपासनीस दारात. कापणाऱ्याचं नाव आम्ही विचारत नाही. त्याचं प्रमाणपत्र बघणं पशुवैद्यांचं काम.

आणि आता खरी बातमी. आपल्या भागातले जिल्हे माझ्याकडं आले! जुलैपासूनचे फॉर्म माझ्याच टेबलावर. इतकी वर्षं दूरच्या जिल्ह्यांत मी डोळे शिणवले, आता आपल्या घराची ओळ मी स्वतः लिहिणार. दादाला सांग. त्याच्या पैशावर शिकले, त्याचा आकडा माझ्या अक्षरात जाणार. मला इतका आनंद झालाय की काल बसमध्ये अनोळखी बाईंना सांगितलं. त्या पुढच्या थांब्यावर उतरल्या.

अंगठा कसा आहे?

तुझी टिल्लू


२० जुलै

प्रिय टिल्लू,

अभिनंदन. तुझ्या दादाला सांगितलं. तो ‘बरं’ म्हणाला आणि पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बसला.

एक विचारू का? तो भाग दुसऱ्या कोणाला देता येणार नाही का? घरच्या माणसाकडं घरचं काम असू नये, लोक नावं ठेवतात, एवढंच म्हणणं. इकडं ऊन फार आहे. अंगठा बरा आहे.

वहिनी


११ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

हे पत्र मी तीनदा फाडलं. मला तुला एक गोष्ट विचारायची आहे, आणि नेमकी तीच विचारायला मला मनाई आहे.

नोकरीला लागताना आम्ही सही करतो. फॉर्ममध्ये जे दिसेल ते टेबलाच्या बाहेर न्यायचं नाही. घरी नाही, मैत्रिणीला नाही, ज्याचा फॉर्म आहे त्याच्याशीसुद्धा खाजगीत त्यावर बोलायचं नाही. तेव्हा मी काय पाहिलं हे सांगणार नाही. काहीच पाहिलं नाही असं समज. नणंदेला स्वप्न पडलं असं समज.

त्या स्वप्नाच्या दुसऱ्या दिवशी मी बाईंकडं गेले आणि सांगितलं की त्या जिल्ह्यात माझ्या भावाचा कत्तलखाना आहे, हे मी आधीच सांगायला हवं होतं. बाई रागावतील वाटलं होतं. त्यांनी फाईल माझ्या हातातून घेतली आणि शेजारच्या टेबलावर दिली. म्हणाल्या, ‘ज्या घरचं मीठ खाल्लं त्या घरचा आकडा आपण तपासायचा नसतो.’ म्हणजे तुझं म्हणणं बाईंच्या तोंडून ऐकावं लागलं. तुमची ओळ आता माझ्याकडं नाही. पण एकदा पाहिलेलं डोळ्यांतून कसं काढू?

शीतगृहवाल्यानं तुमचे शेतकरी फोडले का? तसं असेल तर मी गप्प बसणार नाही. की दादाचं काही आहे? अंगठ्याला लागलं होतं तर महिन्याभरात भरतो. मी फोन केला तेव्हा तो ‘मजेत’ म्हणाला आणि लगेच तुला दिला. दादा कधीपासून मजेत असायला लागला? तो आजवर फक्त ‘चाललंय’ होता.

वहिनी, मला भीती वाटतेय. खरं सांग.

टिल्लू


२५ ऑगस्ट

प्रिय टिल्लू,

तुझ्या शपथेला धक्का नको. तू काही पाहिलं नाहीस. मी आपणहून सांगतेय, घरची गोष्ट म्हणून.

अंगठ्याला काही झालेलं नाही. तुझ्या दादाचा उजवा हात थरथरतो. हिवाळ्यात सुरू झालं. आधी चहाचा कप वाजायचा, मग सही वाकडी यायला लागली. डॉक्टर म्हणाले, औषधानं थोडं थांबेल, जाणार नाही. त्यानं ते मानेला झटका देऊन ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर उभा राहिला.

मेच्या शेवटी एक मोठा बैल होता. जनावर बेशुद्ध करायचं ते पिस्तूल तू पाहिलेलं नाहीस. त्यात गोळी नसते, दांडा पुढं येऊन मागं जातो, आणि ते कपाळावर नेमक्या जागी टेकावं लागतं. हात हलला. बैल पडला नाही, त्यानं मान वर करून तुझ्या दादाकडं पाहिलं. दुसऱ्यांदा बरोबर लागलं, एका दमाचंच अंतर होतं. पण इतक्या वर्षांत त्याच्या हातून दुसऱ्यांदा कधी झालं नव्हतं. त्यानं काम पुरं केलं, हात धुतले, चामड्याचा एप्रन खुंटीला लावला आणि मला म्हणाला, ‘जनावराला दोनदा घाबरवणाऱ्यानं आत जायचं नसतं.’ तेव्हापासून तो आत गेलेला नाही.

मी म्हटलं, मग काय करायचं? तो म्हणाला, पत्रकात आपल्या ओळीत आकडा आहे तोवर पाटी राहू दे, फुली पडली की उतरवू आणि शीतगृहवाल्याला देऊन टाकू. रागात म्हणाला असेल, पण तुझा दादा रागात बोललेलंही पाळतो. म्हणून मी तुला ते प्रश्न विचारले. आणि तू लिहिलंस की एकावरही चालतं.

टिल्लू, तो एक माझा.

पशुवैद्यांकडं जाऊन सांगितलं, मला शिकवा. ते आधी हसले, मग माझ्याकडं बघून थांबले. दहा दिवस त्यांनी शिकवलं, परीक्षा घेतली, प्रमाणपत्र दिलं. कातडी काढणारे आपले दोघं जुने कामगार सध्या शीतगृहवाल्याकडं जातात, पण मी बोलावलं की येतात. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पलीकडच्या वस्तीतल्या शेतकऱ्याची म्हातारी गाय आली. आदल्या दिवशी मी ते पिस्तूल दहादा पुसलं. पण उभी राहिले तेव्हा मनात एकच होतं, हिला दुसऱ्यांदा घाबरायला लागू नये. नाही लागलं. नंतर मी गोठ्यामागं जाऊन खूप रडले, आणि मग फॉर्म भरायला बसले. ‘गाई’च्या रकान्यात एक लिहिलं. इतकी वर्षं शेकड्यानं आकडे लिहिले, पण त्या एकाइतका जड आकडा मी कधी लिहिला नव्हता.

तुझा दादा बाहेर टाकीपाशी उभा होता. आत आला नाही, अडवलंही नाही. तुला कळलेलं त्याला चालणार नाही. धाकट्या बहिणीपुढं तो अजून तुला खांद्यावर घेऊन बाजारात जाणारा दादा आहे. तेव्हा फोन करू नकोस, धावत येऊ नकोस. मला वेळ हवा आहे, इतकंच.

तुझी वहिनी


४ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा तुझा राग आला. तू एकटीनं हे सगळं केलंस आणि मी तुला गुप्तहेर म्हणून चिडवत होते. मग राग गेला आणि माझी जुनी कोष्टकं काढून बसले.

लाखो जनावरांच्या बेरजा केल्या मी, आणि एकाच्याही समोर उभी राहिले नाही. आता मला विचारायचं आहे, आणि हे फॉर्ममध्ये नाही म्हणून विचारू शकते. गाय आत आली तेव्हा तुझ्याकडं बघत होती का? तू तिच्याशी काही बोललीस? हात गार पडतात का? मला खरंच जाणून घ्यायचंय.

दादाला मी काही लिहीत नाही. तुझ्यासाठी गप्प बसते, त्याच्यासाठी नाही. त्याच्याशी मला भांडायचंय.

तुझी टिल्लू


१९ ऑक्टोबर

टिल्लू,

पत्रक आलं. आपल्या ओळीत फुली आहे.

पाकीट या वेळी त्यानं फोडलं. कितीतरी दिवसांनी. बोट ओळीवर आलं आणि तिथंच थांबलं. मोठ्यानं काही वाचलं नाही, चष्मा काढला आणि म्हणाला, ‘संपलं.’ मग माझ्यादेखत शीतगृहवाल्याला फोन केला. तो सोमवारी कागद घेऊन येतोय.

मला कळत नाही की हे झालं कसं. हा आकडा ऑगस्टचा आहे ना? ऑगस्टमध्ये मी एक नाही, तीन कापली. पशुवैद्यांचा शिक्का आहे. फॉर्म वेळेत पाठवला. मग फुली का? तुझ्या त्या शेजारच्या टेबलवाल्यानं आमचा फॉर्म हरवला का?

आणखी एक लिहिते. हे मी अजून स्वतःशीही मोठ्यानं बोललेले नाही. आधी हे सगळं त्याच्यासाठी करत होते, त्याचा हात बरा होईपर्यंत पाटी टिकावी म्हणून. आता तसं राहिलं नाही. मला हा कत्तलखाना विकायचा नाही. मला हे काम येतं. तू विचारलं होतंस, हात गार पडतात का. आधी पडायचे, आता नाही पडत. गाईशी मी बोलते, हळूच, तिच्या मालकाचं नाव घेऊन.

तुला सगळं माहीत आहे हे आता त्याला कळलं तरी चालेल. फुलीचा मरणाशी संबंध नाही हे मी सांगून तो ऐकत नाही, म्हणतो सरकारनंच लिहिलंय. तू सरकार आहेस. तूच लिही. हे पत्र रात्रीच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतेय, तूही तसंच पाठव, म्हणजे सोमवारच्या आत पोचेल.

वहिनी


२० ऑक्टोबर

दादा,

वहिनीनं मला सगळं सांगितलं आहे. तुझा हात थरथरतो हे तू मला सांगितलं नाहीस, याचा मला खूप राग आला आहे. तापात मी रात्रीच्या रात्री तुझ्या मांडीवर काढल्या, आणि तुला माझ्यापुढं हाताची लाज वाटते? भेटलो की भांडीन. आज दुसरं काम आहे.

आपल्या ओळीत फुली का पडली हे मला माहीत नाही. ती ओळ आता माझ्याकडं नाही, आणि असती तरी मी तुला सांगू शकले नसते, तू माझा सख्खा भाऊ असलास तरी. पण एक गोष्ट सांगायला मला कोणाची मनाई नाही, कारण ती पत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात दर महिन्याला छापलेली असते. तू ती कधी वाचली नाहीस, कारण आपली ओळ झाली की तू चष्मा काढून ठेवतोस.

चष्मा घाल आणि वाच. जिथं एकही जनावर कापलं जात नाही, तिथं आम्ही फुली मारत नाही. तिथं शून्य छापतो. शून्यात झाकायचं काय असतं? त्याच कोष्टकात खाली बघ, शून्याचे जिल्हे आहेत. मेलेले ते. फुली फक्त तिथं पडते जिथं कोणीतरी अजून काम करतंय, पण सोबतीला फार जण नाहीत, आणि त्याचा आकडा चारचौघांत उघडा पडू नये म्हणून आम्हाला सांभाळायचा असतो. शेजारचा जिल्हाही मेला नव्हता. तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला मारलात.

तू शब्दाचा पक्का आहेस हे मला माहीत आहे. पण तू शब्द दिलास तो फुलीचा चुकीचा अर्थ लावून. अशा शब्दासाठी वहिनीचं काम विकू नकोस. फुलीमागं कोण उभं आहे हे मी खात्यात बसून सांगू शकत नाही. तू टाकीपाशी उभा राहून ते स्वतः पाहिलं आहेस.

जेवत जा.

टिल्लू


५ नोव्हेंबर

टिल्लू,

अक्षर वाकडं आहे. वाचून घे. वहिनी लिहिते म्हणाली, मी नको म्हटलं.

शेवटचं पान वाचलं. तू म्हणतेस तसंच आहे. इतकी वर्षं ते पान मी फडताळात अंथरायला वापरलं.

पशुवैद्यांकडून कळलं, नगरपालिकेचा कत्तलखाना ऑगस्टपासून बंद आहे, फरशी उखडून नवीन घालतायत. राहिले दोघं. म्हणजे तुमची ती फुली शीतगृहवाल्याला आणि तुझ्या वहिनीला एकाच पांघरुणाखाली झाकत होती. हे ऐकून ती दिवसभर हसत होती.

शीतगृहवाला सोमवारी आला. मी म्हटलं, विकायचं का ते मालकाला विचारा. तो इकडंतिकडं बघायला लागला. मालक पाइप घेऊन फरशी धूत होती. तिनं नाही म्हटलं आणि त्याच्या बुटांवर पाणी गेलं. मुद्दाम नाही गेलं, असं ती म्हणते.

त्या आठवड्यात मी आत गेलो. मेनंतर पहिल्यांदा. तिचा हात चांगला आहे, पण खांदा फार वर असतो, आणि जनावराला ती फार वेळ उभं ठेवते. तसं सांगितलं. ती म्हणाली, ‘हे टाकीपाशी उभं राहून दिसत नव्हतं का?’ दिसत होतं. सांगायला पाय आत येत नव्हते. आता मी जनावराच्या मानेपाशी उभा राहतो. डावा हात मानेवर ठेवतो, तो अजून धड आहे. जनावर कमी बिचकतं असं वाटतं. पशुवैद्य म्हणतात, याला पुरावा नाही. मी म्हटलं, मोजून बघा.

तुझ्यापासून लपवलं ते चुकलं. भांडायला ये. हा हात तुला दाखवायचा नव्हता, पण आता बघून जा.

ऑक्टोबरचा फॉर्म काल भरला. आकडा सांगणार नाही, तुझ्या बाईंना चालायचं नाही. पण त्यात मालकाचं नाव असा एक रकाना आहे. दर महिन्याला वहिनी बाकीचं सगळं भरते आणि तेवढं मी लिहितो. काल पेन टेकवलं आणि हात हलला. मग कागद तिच्यापुढं सरकवला आणि म्हटलं, तुझं लिही. तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं, आणि लिहिलं. नावाच्या आधी शाईचं एक वाकडं टिंब पडलं आहे, ते माझं आहे. तुमच्या खात्याला सांग, ते तेवढं खोडू नका.

दादा